१० मीटर एअर पिस्तूल: सरावासाठी परवडणारं पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं?

कृष्णाकाठ

मुलगी १४ वर्षांची आहे, उजव्या हाताने खेळते. क्लबमध्ये १० मीटर एअर पिस्तूल शिकते. उभं राहणं, श्वास, ट्रिगर हे पायाभूत शिक्षण झालंय. अडचण एवढीच की क्लबमध्ये पिस्तुलं कमी आणि मुलं जास्त, त्यामुळे आठवड्यातून दोनदाच नीट सराव होतो. स्वतःचं पिस्तूल घ्यायचं म्हणतोय. ताणून ६० हजारांपर्यंत जाऊ शकतो.

ऑनलाइन सहा-सात हजारांपासून एअर पिस्तुलं दिसतात, वेग भरपूर लिहिलेला असतो. दुसरीकडे स्पर्धेतली मॅच पिस्तुलं नवी घ्यायची तर लाखाच्या बरीच पुढे जातात. मधलं काही आहे का? स्वस्तातलं घेऊन वर्षभर सराव करून मग मोठं घ्यावं, की थांबावं? परवाना लागतो का, तेही सांगा.

---

दहावी_रिंग

ताई/दादा, आधी वेगाचा विचार डोक्यातून काढा. मॅच पिस्तुलातून छर्रा साधारण १४० ते १६० मीटर प्रति सेकंद वेगाने जातो, ऊर्जा ५-६ ज्यूलच्या आसपास. कागदाला स्वच्छ गोल भोक पाडायला तेवढं पुरतं. ज्या पिस्तुलाच्या जाहिरातीत वेगच सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे, ते तुमच्या कामाचं नाही.

पिस्तुलाची अचूकता किती लागते ते टार्गेटवरून काढू. दहाच्या रिंगचा व्यास ११.५ मिमी, छर्रा ४.५ मिमी. छर्‍याची कड रेषेला नुसती लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे छर्‍याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ८ मिमीपर्यंत सरकलं तरी दहाच. पुढची प्रत्येक रिंग आणखी ८ मिमीवर. स्टँडवर ठेवून १० मीटरवर पाच छर्रे मारले आणि सगळी भोकं मिळून एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, तर ते पिस्तूल पहिली दोन-तीन वर्षं मुलीपेक्षा चांगलंच नेम धरतंय असं समजा. मॅच पिस्तुलाचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, याहून खूपच लहान येतो, पण शिकणार्‍याचे गुण तिथे जात नाहीत.

गुण जातात साइट आणि ट्रिगरमध्ये. फोरसाइट (नळीच्या टोकाची पाती) आणि बॅकसाइट (मागची खाच) यांच्यातलं अंतर समजा ३५० मिमी आहे. फोरसाइट खाचेत ०.२८ मिमीने बाजूला सरकली की टार्गेटवर ८ मिमी, म्हणजे पूर्ण एक रिंग गेली. हेच अंतर २०० मिमी असेल तर ०.१६ मिमीला एक रिंग जाते. आखूड पिस्तुलावर मूल कितीही मेहनत करो, तीच चूक जवळजवळ दुप्पट मोठी होऊन कागदावर येते. याउलट हात थरथरून पूर्ण पिस्तूल ५ मिमी सरकलं आणि साइट जुळलेली राहिली, तर छर्राही ५ मिमीच सरकतो. म्हणून प्रशिक्षक सारखे ओरडतात की काळ्या गोलाकडे नको, फोरसाइटकडे बघ.

ट्रिगरचं वजन नियमाने किमान ५०० ग्रॅम. चांगल्या ट्रिगरला दोन टप्पे असतात: पहिला मोकळा जातो, मग एक स्पष्ट भिंत लागते, आणि तिथे थोडा दाब वाढवला की काच तुटावी तसा सुटतो. स्वस्त पिस्तुलांत हा दाब दोन-तीन किलोपर्यंत जातो आणि वाटेत खरखर होते. १४ वर्षांचं बोट तो ओढायला पूर्ण मनगट वापरतं. वर्षभरात ती सवय हाडात बसते आणि नंतर ५०० ग्रॅमच्या ट्रिगरवरही प्रत्येक गोळीला पिस्तूल खाली-डावीकडे झटका घेतं. ही सवय लागायला जेवढा वेळ जातो, त्यापेक्षा जास्त ती मोडायला लागतो. म्हणून "स्वस्तातलं घेऊन वर्षभर" याला माझा स्पष्ट नकार आहे.

सरळ टाळायचे दोन प्रकार. एक, खर्‍या पिस्तुलासारखी दिसणारी, १२ ग्रॅमच्या सीओटू कार्ट्रिजवर चालणारी आणि स्टीलचे गोल बीबी मारणारी. त्यांची नळी आतून गुळगुळीत असते, साइट हलवता येत नाही, आणि बीबी कठीण पृष्ठभागावरून उसळून परत येतो. दोन, नळी खाली दुमडून स्प्रिंग चढवायची साधी पिस्तुलं. ट्रिगर सुटल्यावर आतला पिस्टन आधी पुढे धावतो, मग आदळतो, आणि हे सगळं छर्रा नळीत असतानाच होतं. पकड जराशी बदलली की छर्रा वेगळीकडे. मुलीला कळणारच नाही की चूक तिची की पिस्तुलाची, आणि सरावात हेच सगळ्यात घातक.

परवान्याचं: ४.५ मिमी, म्हणजे ०.१७७ इंच बोअर आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा असेल तर शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन नोंद करतो. बिल आयुष्यभर जपून ठेवा, त्यावर पिस्तुलाचा नंबर लिहून घ्या. ०.२२ च्या भानगडीत पडू नका, १० मीटरच्या खेळात ते चालतही नाही.

---

ओरिंगवाला

वरच्याशी सहमत. ६० हजारांत माझं मत वापरलेल्या मॅच पिस्तुलाकडे. दबलेल्या हवेवर चालणारी स्टायर एलपी १०, वॉल्थर एलपी ४००, मोरिनी १६२, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी के १२ ही पिस्तुलं नीट वापरली तर लाखो छर्रे मारतात. नळी झिजत नाही, झिजतात ती रबरी ओ-रिंग आणि सील. मोठे खेळाडू नवं मॉडेल आलं की जुनं काढतात. पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी, तुमच्या जवळ कोल्हापूर, या रेंजवर प्रशिक्षकांकडे शब्द टाकून ठेवा. ऑनलाइन जाहिरातीपेक्षा असा सौदा बरा, कारण पिस्तूल कोणी आणि किती वापरलं हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. हॅमर्ली एपी २० किंवा स्टायर एलपी २ यांसारखी तुलनेने साधी मॉडेलं मिळाली तर मुलीसाठी आणखी चांगलं, कारण ती हलकी आहेत.

बघायला जाल तेव्हा पहिल्यांदा नळीखालचा हवेचा सिलिंडर बघा, पिस्तूल नंतर. सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते आणि बहुतेक कंपन्या १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडवतात, आणि २०० बारचा दाब तोंडाजवळ धरायचा आहे म्हणून घरीही वापरू नये. नव्या सिलिंडरचा खर्च सौद्यातून वजा करा. विकणारा म्हणतो "अजून चांगला चालतो", तर ऐकून घ्यायचं आणि पैसे कमी करायचे.

मग गळती. सिलिंडर २०० बारपर्यंत भरून पिस्तुलाला लावा, दाबमापकाचा काटा कुठे आहे त्याचा फोटो काढा, रात्रभर ठेवा. भरल्यावर तो गरम असतो, त्यामुळे पहिल्या तासाभरात काटा थोडा उतरणारच, ते गळणं नव्हे. थंड झाल्यानंतरचा फोटो आणि सकाळचा फोटो जुळले पाहिजेत. नाही जुळले तर आट्यांच्या तोंडाशी साबणाचं पाणी लावा. बुडबुडे तिथेच आले तर एका ओ-रिंगचं काम आहे, घाबरू नका. बुडबुडे नळीच्या तोंडातून येत असतील तर मुख्य व्हॉल्व्हचं सील गेलं, आणि ते कारागिराचं काम.

तिसरं, रेग्युलेटर, म्हणजे दर छर्‍याला सारखाच दाब देणारा भाग. शक्य असेल तर क्रोनोग्राफवर (छर्‍याचा वेग मोजणारं यंत्र) १० छर्रे मारा. मॅच पिस्तुलात वेगातला फरक दोन-तीन मीटर प्रति सेकंदाच्या आत राहायला हवा. पहिला छर्रा, तेही पिस्तूल तासभर पडून राहिल्यावर, बाकीच्यांपेक्षा ठळकपणे वेगवान येत असेल तर रेग्युलेटर हळूहळू गळतोय.

शेवटी ग्रिप. लाकडी ग्रिप आधीच्या मालकाने स्वतःच्या हाताप्रमाणे कोरलेली असेल तर मुलीला ती बसणारच नाही. एस मापाची ग्रिप वेगळी घ्यावी लागते. हाही खर्च धरा.

एक सापळा सांगतो. जुनी सीओटूवरची मॅच पिस्तुलं कधीकधी फार स्वस्तात दिसतात. घडण उत्तम असते, पण सिलिंडर भरायला सीओटूची मोठी टाकी, अॅडॉप्टर आणि वजनकाटा लागतो. शिवाय सीओटूचा दाब तापमानावर अवलंबून असतो: ० अंशाला साधारण ३५ बार, २० अंशाला ५७ बार. जानेवारीत सकाळी साइट जुळवून झीरो केलेलं पिस्तूल एप्रिलच्या दुपारी वेगळीकडे मारतं. नको.

---

कृष्णाकाठ

खूप उपयोगी माहिती. दोन गोष्टी समोर आल्यात म्हणून विचारतो. एक, ओळखीतून बायकाल आयझेएच-४६एम मिळतंय, ५० हजारांच्या बरंच आत. त्याला सिलिंडरच नाही, लिव्हर ओढून हवा भरायची म्हणतात. दोन, आमच्याकडे हवा भरायची सोय फक्त क्लबवर आहे. घरी सात मीटर लांबीची खोली आहे, तिथे सराव चालेल का?

---

एकदाबी

आयझेएच-४६एम चांगल्या स्थितीत असेल तर सोडू नका, असं मी बहुतेकांना सांगतो. तुमच्या बाबतीत एक अट घालेन, ती पुढे.

हे रशियन पिस्तूल एका दाबात हवा भरणारं आहे. नळीखालची लिव्हर पुढे उघडायची आणि परत बंद करायची, तेवढ्यात एका छर्‍याची हवा भरली. दर वेळी तेवढीच हवा, म्हणून वेग एकसारखा. पिस्टन आदळत नाही, म्हणून झटका नाही. नळी २८० मिमी लांब, ट्रिगर पूर्ण जुळवता येतो, ५०० ग्रॅमवर आणता येतो. सिलिंडरची मुदत, भरण्याची सोय, रेग्युलेटर, सगळ्या कटकटी गेल्या. या किमतीत एवढा चांगला ट्रिगर दुसर्‍या कुठल्या नव्या पिस्तुलात मिळत नाही.

आता अट. लिव्हर बंद करताना शेवटच्या टप्प्यात बराच जोर लागतो, आणि सरावात तो ७०-८० वेळा लावायचा. शिवाय वजन १.२ किलोच्या वर, आणि तेही पुढच्या बाजूला. मोठ्या माणसाला पुढचं वजन आवडतं, पिस्तूल स्थिर वाटतं. १४ वर्षांच्या मुलीचा खांदा चाळिसाव्या छर्‍यालाच सोडून देईल. तिला तिथे न्या, ४० वेळा स्वतः लिव्हर बंद करू द्या, आणि मग पाच छर्रे मारायला सांगा. हात थरथरत असेल तर घेऊ नका. आई-वडिलांनी शेजारी उभं राहून लिव्हर भरून देणं हा उपाय होत नाही, क्लबवर आणि स्पर्धेत ती एकटी असते.

घेतलंत तर काही पथ्यं. लिव्हर हवेत धरून बंद करू नका. पिस्तुलाची मागची बाजू मांडीवर किंवा टेबलावरच्या जाड कापडावर टेकवा आणि लिव्हर दोन्ही हातांनी, पूर्णपणे बंद करा. अर्धी बंद करून सोडली तर ती उसळून बोटं ठेचते. बंद करताना ट्रिगरवर बोट नको, नळीचं तोंड टार्गेटकडेच. पहिल्या छर्‍याआधी लिव्हर दोन-तीनदा अर्धवट उघड-बंद करून सील मऊ करून घ्या, नाहीतर पहिला छर्रा खाली पडतो. हवा भरून पिस्तूल तसंच ठेवून देऊ नका.

तपासणी सोपी आहे. हवा भरा, पाच मिनिटं थांबा, मारा. लगेच मारलेल्या छर्‍याच्या ठिकाणापासून तो ठळकपणे खाली गेला तर सील बदलायला आलंय. सीलवर खनिज तेल टाकणारे लोक आहेत, त्याने रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा मुगाएवढा थेंब पुरतो.

हाच प्रकार हलका हवा असेल तर वाइहराउख एचडब्ल्यू ४० किंवा गामो कॉम्पॅक्ट बघा. मॅच पिस्तुलं म्हणता येणार नाहीत, पण गामोची ग्रिप मॅच पिस्तुलासारखी आहे आणि साइट जुळवता येते. एचडब्ल्यू ४० ची साइटमधली लांबी कमी आहे, वर सांगितलेलं गणित तिथे लागू होतं.

---

दहावी_रिंग

एकदाबी यांच्या म्हणण्यात एक भर. मुलगी आणखी वाढणार आहे, म्हणून "आत्ता जड, पुढे चालेल" असा विचार करून ४६एम घेऊ नका. खांदा आणि कंबर जड वजनाने वाकायला लागली की उभं राहण्याची पूर्ण पद्धत बिघडते, ती मागे रेलते आणि पाठ दुखू लागते. नियमात पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत चालतं, पण ही वरची मर्यादा आहे. या वयाला ९०० ग्रॅमच्या आसपासचं बरं.

सात मीटरच्या खोलीबद्दल. नेम साधायचा सराव होतो, टार्गेट त्या प्रमाणात लहान करा. १० मीटरला काळा गोल ५९.५ मिमी, म्हणून सात मीटरला ४१.५ ते ४२ मिमी. ५ मीटरला ३० मिमी धरा. गुण मोजत बसू नका, छर्रा लहान होत नाही त्यामुळे घरचे गुण फुगलेले येतात. ग्रुप कुठे आणि किती मोठा एवढंच बघा.

छर्रे अडवायला लाकडी पेटीत ३ मिमी स्टीलचा पत्रा ४५ अंशांत, खाली झुकलेला बसवा. छर्रा खाली वळून पेटीत पडतो. उभा सपाट पत्रा कधीच नको, शिशाचे तुकडे परत येतात. पेटीच्या मागे १८ मिमी प्लायवुडचा मोठा तुकडा आणि त्यावर जुनी सतरंजी, चुकलेल्या छर्‍यासाठी. टार्गेटच्या बाजूने खोलीत उघडणारं दार असेल तर सरावाच्या वेळी ते आतून कडी लावून बंद. खोलीत जो कोणी असेल त्याच्या डोळ्यांवर चष्मा. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही, आणि पेटी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. शिशाची धूळ लहान मुलांना फार वाईट.

उजेड टार्गेटवर भरपूर हवा. स्पर्धेत टार्गेटवर किमान १५०० लक्स मागतात. दोन चांगले एलईडी स्पॉट टार्गेटपासून मीटरभरावरून, डोळ्यात न येतील असे लावले की काम होतं.

आणि हे लक्षात घ्या: घरच्या सरावाचा मोठा भाग छर्‍याशिवाय व्हायला हवा. मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची सोय असते, हवा न वापरता ट्रिगर खर्‍यासारखा सुटतो. पांढर्‍या भिंतीसमोर, टार्गेट न लावता, ट्रिगर सुटताना फोरसाइट हलली का ते बघायचं. रोज २०-२५ मिनिटं. स्प्रिंगच्या पिस्तुलात हे करायचं नाही, पिस्टन छर्‍याच्या अडथळ्याशिवाय आदळून सील आणि स्प्रिंग दोन्ही जातात. वापरलेलं मॅच पिस्तूल सुचवण्यामागे हे मोठं कारण आहे: हवा भरायची सोय घरी नसली तरी आठवड्यातले चार दिवस सराव होतो.

---

छर्रेवाली

छर्‍यांवर कोणी बोललं नाही म्हणून. पिस्तुलासाठी चपट्या डोक्याचेच घ्या, कागदाला गोल भोक पाडणारे. टोकदार किंवा गोल डोक्याचे कागद फाडतात आणि रेषेवरचा छर्रा ओळखता येत नाही. वजन ०.४५ ते ०.५० ग्रॅमचे, डब्यावर पिस्तूल लिहिलेलं असतं. ०.५३ ग्रॅमचे रायफलसाठी आहेत, चालतात, पण पिस्तुलात हळू जातात.

डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं डोक्याचं माप असतं. तिन्ही मापांचे थोडे-थोडे मागून घ्या, पिस्तूल स्टँडवर घट्ट टेकवून प्रत्येकाचे पाच-पाचचे चार ग्रुप मारा. लहान ग्रुप येईल ते माप त्या पिस्तुलाचं. सरावाला स्वस्त छर्रे वापरायला हरकत नाही, पण डबा उघडून एकदा नजर टाका: परकर (छर्‍याची मागची घेरदार कड) वाकलेले, कडेला शिशाचा काटा राहिलेले बाजूला काढा. एका डब्यात ५०० असतात. आठवड्यातून तीन दिवस ८० छर्रे धरले तर महिन्याला जवळपास दोन डबे लागतात. पिस्तुलाच्या बजेटमधूनच सहा महिन्यांचे छर्रे आधी बाजूला काढून ठेवा. सगळे पैसे पिस्तुलात घालून नंतर छर्‍यांसाठी हात आखडणारे पालक खूप दिसतात, आणि मग पिस्तूल पेटीत पडून राहतं.

ट्रिगर तपासायचं घरगुती वजन बनवा. तराजूचं ५०० ग्रॅमचं माप, त्याला तारेचा आकडा, आणि आकड्यासकट वजन डिजिटल काट्यावर करून घ्या. साधारण ५१० ग्रॅम ठेवा. पिस्तुलात छर्रा नसल्याची खात्री करा, नळी सरळ वर, ट्रिगर चढवलेला, आकडा ट्रिगरच्या मध्यावर. वजन जमिनीवरून हळू उचला. पिस्तूल न सुटता ते उचललं गेलं तर ठीक. बरोबर ५०० वर ठेवलं तर स्पर्धेच्या दिवशी एखाद्या ग्रॅमने नापास होण्याची वेळ येते.

ग्रिपबद्दल: मुलीला डोळे मिटून पिस्तूल टार्गेटच्या दिशेने उचलायला सांगा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. फोरसाइट खाचेत मधोमध असली पाहिजे. दर वेळी ती उजवीकडेच दिसत असेल तर मनगट वाकवून जुळवू नका, ग्रिपचा स्क्रू सैल करून कोन बदला. तळहाताखाली पोकळी राहत असेल तर एम-सील भरून हाताचा ठसा घ्या आणि वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. ट्रिगरचं बोट ग्रिपला कुठेही टेकता कामा नये.

---

कृष्णाकाठ

मुलीने आज ४६एमची लिव्हर चालवून बघितली. २५ नंतर दोन्ही हात लावूनही जमेना, त्यामुळे ते राहिलं. रेंजवर शब्द टाकलाय. एक वापरलेलं पिस्तूल आहे, सिलिंडरला अजून चार वर्षं मुदत आहे, पण ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आहे. घ्यावं का? आणि हातपंपाने हवा भरली तर चालते का?

---

ओरिंगवाला

चार वर्षांची मुदत चांगली आहे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर उत्तम चालतो, अगदी स्वच्छ सुटतो, पण बिघडला तर गावात कोणी दुरुस्त करत नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि दुरुस्तीत तिचा किती वेळ गेला ते सगळ्यांनी पाहिलं. तिच्यासोबत मदतीला पूर्ण संघ होता. पहिलं पिस्तूल म्हणून, भाव सारखा असेल तर मी मेकॅनिकल ट्रिगरसाठी महिना-दोन महिने थांबेन. हेच घ्यायचं ठरलं तर बॅटरीचा कप्पा उघडून संपर्कपट्ट्यांवर हिरवा गंज आहे का बघा, सलग १०० वेळा ड्राय फायर करा, एकदाही चुकता कामा नये. सरावानंतर ट्रिगरचा स्विच बंद, आणि खूप दिवस वापर नसेल तर बॅटरी काढून ठेवा.

हातपंप चालतो. २०० बारचा, तीन टप्प्यांचा, पाणी काढायचा स्क्रू असलेला घ्या. पंपाचा अॅडॉप्टर तुमच्याच पिस्तुलाच्या आट्यांचा हवा, प्रत्येक कंपनीच्या आट्या वेगळ्या असतात आणि जबरदस्तीने फिरवलं तर सिलिंडर वाया. काटा १०० बारच्या आसपास आला की भरा, पूर्ण रिकामा होऊ देऊ नका. भरताना प्रत्येक ३०-४० दाबांनंतर पाच मिनिटं थांबा. पंप तापला की त्याची सीलं झिजतात आणि गरम हवेबरोबर ओलावाही आत जातो.

पावसाळ्यात हा ओलावा खरा त्रास देतो. जून ते सप्टेंबर शक्यतो क्लबच्या कॉम्प्रेसरवरून, फिल्टर लावलेल्या, हवा भरून घ्या. घरी भरायचीच असेल तर पंपाच्या हवा आत घेणार्‍या बाजूला सिलिका जेलची डबी बसवा, दाणे रंग बदलले की तव्यावर कोरडे करून घ्या. दर भरण्यानंतर पंपाचा स्क्रू उघडून पाणी सोडा. पिस्तूल पेटीतल्या फोममध्ये ओलं राहू देऊ नका, नळीतून तेलाचा अगदी पुसट हात दिलेला कापसाचा छर्रा ढकला आणि पुढच्या सरावाआधी दोन कोरडे छर्रे. आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरवरून कोणी भरून देतो म्हणाला तर पिस्तूल उचलून घरी या. दाबाखालचा ऑक्सिजन आणि ग्रीसचा अंश एकत्र आला की स्फोट होतो.